उजवी मूठ

माझा मुलगा सहा-सात महिन्यांचा होता, तेव्हा आमच्या घरात त्याच्या डाव्या हाताचे फार कौतुक चालत असे. समोर खुळखुळा धरला की तो डाव्या हाताने झडप घालून घेई, आणि तोच खुळखुळा मुद्दाम उजव्या बाजूला नेला तरी उजवा हात जागचा हलत नसे. डावा हात छातीवरून पलीकडे जाऊन तो ओढून आणी. माझे सासरे डावखुरे होते आणि मुलाच्या जन्माआधी वर्षभरच ते गेले होते, त्यामुळे आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आज्यानंच जन्म घेतला बघा." उजवी मूठ मात्र बहुतेक वेळ मिटलेली असायची, अंगठा आत दडलेला. आंघोळीच्या वेळी मी ती एकेक बोट सोडवून उघडत असे, कारण आत कपड्यांचे तंतू आणि मालिशचे तेल साचून आंबूस वास यायचा. डाव्या तळव्याला तसा वास कधीच आला नाही. दोन्ही तळवे रोज माझ्या हातात असूनही या फरकाचा अर्थ मला कळला नाही.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलांना वाढताना पाहणे हाच माझा व्यवसाय, तरीही बाळ पहिल्या वाढदिवसाच्या आत डावखुरे किंवा उजखुरे ठरत नसते, हे मला ठाऊक नव्हते. त्या वयात दोन्ही हात सारखेच चालले पाहिजेत. उजवा-डावा हे त्यानंतर बऱ्याच काळाने पक्के होते. वर्षाच्या आतले मूल एकाच हाताने सगळे करू लागले, तर त्या हाताचे कौतुक बाजूला ठेवून दुसऱ्या हाताकडे पाहायचे असते.

ते पाहिले राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातील डॉक्टरांनी. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीला येतात. मुलगा तेव्हा नऊ महिन्यांचा होता. डॉक्टरांनी त्याला माझ्या मांडीवर बसवले, त्याच्या तोंडावर एक रुमाल टाकला आणि डावा हात हळूच धरून ठेवला. कोणतेही बाळ अशा वेळी मोकळ्या हाताने रुमाल ओढून काढते. माझ्या मुलाचा उजवा हात छातीपर्यंत उचलला गेला, तिथेच थरथरला, आणि रुमालाआडून रडणे सुरू झाले. डॉक्टरांनी लगेच रुमाल काढला आणि मला विचारले, "बाळ डावखुरे आहे असे घरी कुणी म्हणते का?"

पुढे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मुलाला झोपेचे औषध देऊन एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला एक जुना व्रण दिसला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले, की त्याला जन्माच्या आसपास पक्षाघात होऊन गेलेला आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या एका धमनीत गुठळी अडकली आणि तिच्यापुढचा भाग रक्तावाचून मेला. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणून उजवा हात मागे राहिला. "पक्षाघात" हा शब्द मी तोवर फक्त म्हाताऱ्या माणसांसाठी ऐकला होता. आमच्याकडे त्याला अंगावरून वारे जाणे म्हणतात, कुणी लकवा म्हणतात, आणि दोन्ही शब्द उच्चारताना डोळ्यांपुढे येतो तो बाजेवर पडलेला, तोंड वाकडे झालेला म्हातारा. पाळण्यातले लेकरू येत नाही.

गर्भाच्या २०व्या आठवड्यापासून जन्मानंतरच्या २८व्या दिवसापर्यंत होणाऱ्या पक्षाघाताला एकाच गटात धरतात, आणि तो साधारणपणे अडीच ते चार हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. काही बाळांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच झटके येतात, एक हात किंवा एक पाय लयीत उडत राहतो, आणि त्यावरून तो तेव्हाच ओळखला जातो. माझ्या मुलासारखी अनेक बाळे मात्र नीट दूध पितात, नीट झोपतात आणि कुणालाही काही न कळता घरी येतात. बाळंतपणाच्या सुमारास आई आणि बाळ दोघांच्याही रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. बाळंतिणीचे रक्त वाहून जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. त्यातच बाळाच्या हृदयातील दोन कप्प्यांमध्ये जन्मापूर्वी एक वाट उघडी असते, त्यामुळे नाळेला जोडलेल्या वारेतून निघालेली बारीक गुठळी सरळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. तरीही एखाद्या बाळाच्या बाबतीत नेमके काय घडले, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही.

कारण सांगता आले नाही की घरचे लोक कारण शोधतात, आणि शोधत शोधत ते आईपाशी येऊन थांबतात. दिवस गेलेले असताना मी ग्रहणात भाजी चिरली होती, सातव्या महिन्यापर्यंत एसटीने शाळेत जात होते, डोहाळजेवणाला नको त्या विहिरीवरून पाणी आणले होते. आत्याबाई वाईट नव्हत्या. नातवासाठी त्या रात्र-रात्र जागल्या आहेत. पण त्या ग्रहणाची गोष्ट दोन वर्षे आमच्या घरात जेवायला बसत होती. ज्या आया हे वाचत असतील त्यांना मला स्पष्ट सांगायचे आहे, की विळी, ग्रहण आणि एसटी यांपैकी कशानेही बाळाच्या मेंदूत गुठळी होत नाही. तुमच्या हातून काही झालेले नाही. आणखी एक गोष्ट रुग्णालयातल्या त्या बालरोगतज्ज्ञांनी मला पहिल्याच भेटीत सांगितली, जिच्यामुळे मी त्या रात्री झोपू शकले: जन्माच्या आसपास झालेला असा पक्षाघात पुन्हा होण्याची शक्यता अगदीच कमी असते.

मुलाच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर "सेरेब्रल पाल्सी", म्हणजे लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत आलेला दोष, असे लिहिलेले आहे. ते चुकीचे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तो एक आहे, आणि पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या मुलांमध्ये शरीराची एकच बाजू दुर्बळ असली, तर त्यामागे बहुधा असा पक्षाघातच असतो. पण कागदावर परिणाम नोंदला गेला आणि मूळ घटनेचे नाव कुठेच राहिले नाही. मला वाटते, लहान मुलांना लकवा होतच नाही, असे लोक ठामपणे म्हणू शकतात, याचे हेही एक कारण आहे. ज्या मुलांना तो झाला, ती दुसऱ्याच नावाने आपल्यात वावरत असतात.

उपचार म्हणजे हाताला काम देणे. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मला शिकवले गेले, की चांगल्या हाताला रोज ठरावीक वेळ मऊ पिशवीसारखा मोजा घालून ठेवायचा आणि त्या वेळात सगळे खेळ, सगळा खाऊ दुर्बळ हाताच्या समोर मांडायचा. वापरला नाही तर मेंदू त्या हाताला विसरत जातो, आणि पुन्हा पुन्हा वापरला तर शेजारचा शाबूत भाग थोडे काम उचलतो. सांगायला हे सोपे आहे. डावा हात बांधलेला असताना मुरमुरे उचलता न येऊन हमसून रडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलासमोर बसून राहणे सोपे नाही. पुढे आम्हाला घरातलीच कामे सापडली. शेंगा फोडणे हे त्यांतले सर्वात उपयोगाचे ठरले, कारण भुईमुगाची शेंग एका हाताने फुटत नाही: उजव्या हाताने ती धरावी लागते आणि डाव्या अंगठ्याने दाबावी लागते. सुरुवातीला शेंग उजव्या बोटांतून निसटून अंगणभर उडायची. ज्वारीच्या पिठाचा गोळा परातीत मळायला आणि थापायला आत्याबाईंनी त्याला शिकवले, तेही दोन्ही हात पिठात घालून. आज तो अकरा वर्षांचा आहे, उजव्या पायात बुटाच्या आत आधाराची पट्टी (स्प्लिंट) घालतो, शर्टाचे वरचे बटण सोडून बाकीची स्वतः लावतो. बोलणे मात्र त्याचे वेळेवर आले आणि स्वच्छ आले. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, पण इतक्या लहान वयात इजा झाली तर ती उजव्या अर्ध्यातही घर करू शकते. हाताच्या बाबतीत मेंदू इतका उदार नसतो. चौथ्या वर्षी त्याला फिट आली आणि तेव्हापासून त्याचे औषध चालू आहे. अशा मुलांपैकी बऱ्याच जणांना पुढे फिट येतात, म्हणून ते आधीच माहीत असलेले बरे.

हे सगळे आत्ता लिहायला बसण्याचे कारण माझा मुलगा नाही. माझ्या वर्गातली, तिसरीत शिकणारी एक मुलगी आहे.

तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसऱ्यानंतर टोळी निघते आणि मार्चमध्ये, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले, की परत येते. मुलीला सांभाळणारे घरी कुणी नसल्याने त्या वर्षी ती त्यांच्याबरोबर कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत, होती. परतली ती पांढरीफटक होऊन. ती पाटीवरच्या पेन्सिली खाते, हे मला दुसऱ्याच दिवशी कळले, आणि रक्त कमी असलेल्या मुलांची ही खूण शिक्षकांना चांगली माहीत असते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिला तीन दिवस जुलाब झाले. मग डोके दुखू लागले, पहाटे उलट्या होऊ लागल्या. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी ऊन लागले आहे, पित्त झाले आहे असे सांगून एक सलाईन लावले. परीक्षा जवळ आली म्हणून आईने तिला शाळेत पाठवले.

ती पहिल्या रांगेत शुद्धलेखन लिहीत होती. पेन्सिल तिच्या उजव्या हातातून पडली. तिने ती उचलली, दोन शब्द लिहिले, पेन्सिल पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिने खाली वाकून ती डाव्या हाताने उचलली आणि उजव्या हाताच्या बोटांत स्वतःच खोचून बसवली. ते बसवणे मी माझ्या घरात हजार वेळा पाहिलेले होते. वहीतल्या ओळी डोंगर उतरावा तशा खाली घसरत गेल्या होत्या. मी तिला डोळे मिटून दोन्ही हात समोर, तळवे वर करून धरायला सांगितले. डावा हात राहिला. उजवा हळूहळू आत वळत खाली आला. हसायला सांगितले तर ओठाचा उजवा कोपरा मागे राहिला. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. मी मोबाइलवर तिच्या हातांचे चित्रीकरण केले आणि १०८ ला फोन केला.

तिचे वडील मोटारसायकलवर आले. मी काय म्हणते ते त्यांना पटेना. "बाई, लेकराला कुठं वारं जातं का? म्हाताऱ्या माणसाला जातं." ते मला खोटे पाडत नव्हते; अकरा वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. रुग्णवाहिकेत तिला फिट आली. पहिल्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाला आणि त्यात काही नाही असे सांगण्यात आले. फिट येऊन गेल्यावर हात काही वेळ लुळा राहतो, तो आपोआप येईल, असेही सांगण्यात आले. असे खरोखर होते, आणि म्हणूनच मुलांमधला पक्षाघात त्यात लपून जातो. पण तिचा हात फिट येण्याच्या आधीच पडलेला होता. अकरा दहाचे ते चित्रीकरण मी पुढच्या रुग्णालयात, रात्रपाळीच्या तरुण निवासी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि शिरांच्या चित्रणासह एमआरआय करायचे ठरवले.

तिची गुठळी धमनीत नव्हती. डोक्याच्या मधोमध, कवटीच्या आतून पुढून मागे जाणारी एक मोठी शीर मेंदूतील वापरलेले रक्त परत नेते. ती बंद झाली होती. तुंबलेल्या नालीसारखे रक्त मागे साचत गेले, म्हणून आधी डोकेदुखी, पहाटेच्या उलट्या, आणि मग हात. हिमोग्लोबिन ६.१ होते, म्हणजे फारच कमी. लोहाची कमतरता आणि जुलाबांनी आटलेले शरीरातले पाणी, या दोन गोष्टी एकत्र आल्या की लहान मुलाच्या शिरांत रक्त गोठू शकते. २००७ साली कॅनडातील टोरांटोच्या डॉक्टरांनी एक ते तीन वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एरवी निरोगी असूनही पक्षाघात झालेल्या मुलांमध्ये लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पंडुरोगाचे प्रमाण इतर निरोगी मुलांच्या मानाने दसपट आढळले होते.

रक्त गोठू न देणारी इंजेक्शने सुरू करायची म्हटल्यावर तिची आई घाबरली. "अंगात रगत नाही म्हणतेत, अन् वरून पातळ करायचं म्हणतेत." प्रश्न रास्त होता, आणि मला तो डॉक्टरांना विचारावा लागला. ते औषध रक्त कमी करत नाही आणि खऱ्या अर्थाने पातळही करत नाही. ते गुठळीला आणखी वाढू देत नाही, आणि असलेली गुठळी शरीर स्वतः हळूहळू विरघळवते. सकाळ-संध्याकाळ पोटावर टोचायची ती इंजेक्शने, मग गोळ्या, सोबत लोह. सोळाव्या दिवशी ती घरी आली तेव्हा पेला उजव्या हाताने धरत होती.

मोठ्या माणसाचा पक्षाघात म्हटला की रक्तदाब, साखर, तंबाखू आठवतात. मुलांची कारणे वेगळी असतात. जन्मतः हृदयात दोष असलेले मूल, कांजिण्या येऊन गेल्यावर काही महिन्यांच्या आत धमनीला सूज आलेले मूल, कानातून पू वाहत राहिल्याने कानामागच्या शिरेत गुठळी झालेले मूल, मानेला मार लागून धमनीचे आतले अस्तर फाटलेले मूल. क्षयाचा मेंदूज्वर आपल्याकडे अजून आहे आणि तो मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्या आवळून टाकतो. दीड-दोन वर्षांच्या आतले मूल पलंगावरून साधेच पडते आणि थोड्या वेळाने एक बाजू हलवेनासे होते, असाही एक प्रकार भारतातील बालमेंदुविकारतज्ज्ञांनी अनेकदा नोंदवला आहे. त्यात मेंदूच्या खोल भागातील बारीक धमन्यांवर चुन्याचा थर आढळतो.

माझी पहिली नेमणूक नांदेड जिल्ह्यात किनवटकडे होती. तिथल्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. उपचार नसतील तर सिकलसेलच्या रुग्णांपैकी साधारण दहांतील एकाला विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात होतो. पण यात धोका आधी ओळखता येतो: डोक्यावर सोनोग्राफीसारखे यंत्र धरून धमन्यांतील रक्ताचा वेग मोजतात, आणि वेग जास्त असलेल्या मुलांना नियमित रक्त दिले तर पक्षाघात फार मोठ्या प्रमाणात टळतो, हे १९९८ साली अमेरिकेतील अभ्यासाने दाखवून दिले. किनवटला असताना मला हे माहीत असते, तर सांधे दुखतात म्हणून कोपऱ्यात बसणाऱ्या एका मुलाकडे मी वेगळ्या नजरेने पाहिले असते.

मूल अचानक एका बाजूने लुळे पडले, तोंड वाकडे झाले, बोबडे बोलू लागले, तोल जाऊ लागला किंवा ताप नसताना फिट आली, तर वेळ लिहून ठेवा आणि जिथे बालरोगतज्ज्ञ व एमआरआय आहे अशा ठिकाणी निघा. मराठवाड्यात संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये अनेक वर्षांपासून आहेत. फिट चालू असताना मुलाला कुशीवर वळवा. कांदा, चप्पल, पाणी, चमचा यांतले काहीही तोंडा-नाकाशी नेऊ नका. मोठ्यांसाठी ऐकलेली ॲस्पिरिनची गोळी घरी देऊ नका, कारण मुलांमधले जवळजवळ निम्मे पक्षाघात गुठळीने नव्हे, तर मेंदूत रक्तस्राव होऊन झालेले असतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सीटी स्कॅनमध्ये काही नाही म्हटले आणि हात अजून लुळा असेल, तर एमआरआयचे विचारा. गुठळीने मेलेला भाग सुरुवातीच्या तासांत सीटीवर दिसतोच असे नाही. आणि कबुतराचे रक्त चोळायला कुणी नेत असेल, तर आधी रुग्णालयात जा. मी हे कठोरपणे म्हणते, कारण अशा वाटेवर गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत.

मुलीचे औषध सप्टेंबरच्या अखेरीस थांबले. पुन्हा केलेल्या एमआरआयमध्ये ती शीर बरीचशी मोकळी झालेली होती. आता दसरा झाला आहे आणि टोळ्या निघाल्या आहेत. या वेळी ती हंगामी वसतिगृहात राहणार आहे. शाळेत आम्ही पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी लोहाची गोळी देतो, पण नेमकी जी मुले फडावर जातात त्यांचे पाच-सहा महिने कोरडे जातात. म्हणून परवा आरोग्यसेविकेला बोलावून माझ्या वर्गातल्या जाणाऱ्या चार मुलांच्या गोळ्या मोजून कागदी पाकिटांत भरल्या, प्रत्येक पाकिटावर सोमवारच्या तारखा लिहिल्या आणि आयांच्या हातात दिल्या. जुलाब झाले तर मीठ-साखरेचे पाणी कसे करायचे ते त्यांना करून दाखवले. निघताना एका आईने कडेवरचे तान्हे मूल माझ्यापुढे धरले आणि विचारले, "बाई, हे डावखुरं होणार का?" मी तिच्या हातातली गोळ्यांची पुडी घेऊन बाळासमोर खुळखुळ्यासारखी वाजवली, आधी डावीकडे, मग उजवीकडे. त्याने दोन्ही हात पुढे केले.